ओले ते ज्योतीला, कोरडे ते शोभेला

दिवाळी जवळ आली की घरातल्या कर्त्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी दिवे चमकत नाहीत, काजवे चमकतात! किराण्याची यादी, मुलांचे कपडे, पाहुण्यांची ये-जा, आणि या सगळ्याच्या शेवटी कुणीतरी हळूच म्हणते, "यंदा पणत्या ठेवायला काहीतरी छानसे आणायचे ना?" बाजारात त्या ‘छानशा’ वस्तूला तोटा नसतो. पितळेची कमळे आहेत, रंगीत काचेच्या वाट्या आहेत, तारेचे मोर आहेत. पणती स्वस्त आणि तिचे आसन महाग, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणून यंदाच्या सदरात हे आसन फुकटात कसे मिळवावे, याचा विचार करू.

आमचे मोताळा मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचे, नळगंगेच्या काठचे गाव. आश्विन सरता सरता येथील रान पाहण्यासारखे असते. सोयाबीन निघून कुटाराचे ढीग लागलेले, तूर फुलावर, आणि कपाशीची बोंडे फुटू लागलेली. पहिल्या वेच्याला काही घरी सीतादही करतात आणि मगच कापूस घरात येतो. अशा वेळी शोभेसाठी पेठेत धावण्याची गरज ती काय? हात जरा चालवावा लागतो, एवढेच.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. दिवा टांगला की तो लामणदिवा, जमिनीवर उभा राहिला की समई, देवापुढे ओवाळला की निरांजन, आणि हातात घेऊन चालू लागलो की दिवटी. म्हणजे ज्योत तीच, नाव मात्र तिच्या बैठकीवरून पडते. बैठकीला आपल्या लोकांनी एवढे महत्त्व दिले, ते उगीच नाही.

या बैठकीचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत स्वस्त नमुना गुराख्यांच्या पोरांनी केला आहे. मराठवाड्यात व इतरही काही भागांत वसुबारसेपासून ही मुले ओढ्याकाठचे लव्हाळे उपटून आणतात. त्याच्या हिरव्या काड्या विणून नागाच्या फण्यासारखा आकार करतात, मध्ये पणती ठेवतात आणि गाणी म्हणत घरोघरची गुरे ओवाळतात. त्याला गावोगाव निरनिराळी नावे आहेत. खर्च शून्य. लव्हाळे ओले असते म्हणून ते चटकन पेट घेत नाही, आणि पाडवा झाला की गुरांपुढे टाकायला मोकळे!

गरिबाच्या घरचा उजेड गवतातून निघावा, हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सेलबोर्न गावाच्या पुस्तकात पाणथळीतल्या बोरूसारख्या गवताच्या वाती कशा करतात, हे बारकाईने लिहून ठेवले आहे. गवत सोलून चरबीत बुडवायचे, की झाली मेणबत्ती. अडीच फुटांहून किंचित आखूड अशी एक वात ५७ मिनिटे जळाल्याचे त्याने घड्याळ लावून पाहिले आणि एका फार्दिंगात गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळतो, असा हिशोबही मांडला. आयर्लंडात शरद ऋतूत सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथील माणसे अमेरिकेत गेली आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. ज्याच्या रानात जे पिकते, त्यात त्याचा दिवा!

आता कृतीकडे वळू. आधी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. ज्योतीजवळ नेहमी ओली किंवा मातीची वस्तू असावी. कोरडी वस्तू दूरून शोभा द्यायला ठेवावी. बाकी सारे या एका नियमातून निघते.

ओल्या वस्तूंत पहिला मान केळीच्या खुंटाचा. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेरकडे, घड उतरला की खुंट तसाच पडून असतो. त्याचे चार-चार बोटे जाडीचे आडवे काप करावेत, वरच्या बाजूने मेणबत्तीच्या जाडीचे भोक पाडावे आणि तिच्यात मेणबत्ती बसवावी. पणतीसाठी मध्ये चमच्याने खळगा करावा. खुंटात पाणी इतके असते की ज्योत खाली आली तरी तो पेटत नाही. मात्र केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही; नवे कपडे घालण्याआधी हे काम उरकावे. दोन-तीन दिवसांत काप काळे पडतात, तेव्हा आदल्या दिवशी कापलेले बरे.

दुसरे संत्रे. आंबिया बहराची फळे ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतात. फळाच्या मधोमध सालीवर सुरीने गोल रेघ ओढावी आणि अंगठ्याने साल सोडवून दोन वाट्या कराव्यात. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने हे काम लहान मुलेही करतात. खालच्या वाटीत मधला पांढरा दशा शाबूत राहिला तर तीच वात होते. न राहिल्यास फुलवात ठेवावी आणि तीळ किंवा करडईचे तेल घालावे. साल तापली की घरभर जो वास दरवळतो, तो कोणत्याही महाग उदबत्तीला लाजवील. फोडी कुणी खायच्या, यावर मात्र तंटा होतो!

तिसरा आवळा. वरचा काप काढून थोडा कोरावा व तुपात भिजवलेली फुलवात त्यात उभी करावी. हा दिवा फार वेळ टिकत नाही, पण तुळशीच्या लग्नात त्याची ओळ पाहावी.

कोरड्या वस्तूंत कवठ आणि नारळाची करवंटी. कवठ दगडावर न आपटता करवतीच्या पात्याने दोन भाग करावेत. गराची चटणी करावी, कवच घासून दोन दिवस उन्हात वाळवावे. खिळ्याने भोके पाडली तर भिंतीवर उजेडाची नक्षी पडते. मात्र कवच हे शेवटी लाकूडच. तेव्हा तळाशी बोटभर ओली वाळू घालावी, तिच्यावर भाजलेली पणती ठेवावी; ज्योत कडेला शिवता कामा नये.

आपली काळी माती फुकट आहे, पण भारी खोडकर! वाळताना ती आकसते आणि पणतीला तडे जातात. तीत चाळलेली राख व थोडे शेण मळावे, म्हणजे तडे कमी पडतात. तरीही न भाजलेल्या मातीत तेल मुरते. तेव्हा तिची बैठकच करावी. पणती कुंभाराकडूनच घ्यावी. भट्टीचे काम घरच्या चुलीवर होत नाही, आणि कुंभाराच्या घरीही दिवाळी असते. काटकसर करावी ती पितळेच्या मोरात, कुंभाराच्या पणतीत नव्हे.

रिकामी बोंडे, वाळके गवत, धांड्यांच्या कामट्या यांचे तोरण दाराला सुरेख दिसते. ते दिव्यापासून निदान हातभर दूर असावे. शेणाच्या पणत्यांचा अलीकडे बराच बोलबाला आहे. २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाने ३३ कोटी दिव्यांचा संकल्प सोडला होता. पण शेण म्हणजे गोवरीचेच भावंड. ती पणती तेल संपल्यावर स्वतःच पेटू शकते, म्हणून तिच्याखाली फरशी किंवा पत्रा हवाच.

हे एवढे बजावून सांगण्याला कारण आहे. आमच्या वऱ्हाडात दिवाळीच्या दिवसांत कापूस बहुधा घरातच असतो. भाव चढेल या आशेने पुढची खोली छतापर्यंत भरलेली असते. शहरातली मंडळी सुट्टीत गावी येतात, हौसेने खिडकीत, कोनाड्यात दिव्यांची ओळ लावतात, आणि त्याच भिंतीमागे वर्षाची कमाई पडलेली असते. कापसाची आग मोठी लबाड. वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते आणि तासांनंतर पुन्हा भडकते. त्या खोलीत, तिच्या खिडकीत, तिच्या दारात एकही दिवा नको; मग तो केळीचा असो की संत्र्याचा. कुटाराच्या ढिगाजवळही नको. अंगणात पाण्याची एक बादली भरलेली असावी, दिवे लावणाऱ्या मुलांच्या अंगावर सुती कपडे असावेत, आणि निजण्यापूर्वी घरातल्या एकाने फिरून सारे दिवे मोजून शांत करावेत. कुणाला भाजलेच तर त्यावर तेल, हळद, शाई न लावता वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि डॉक्टर गाठावा.

मराठीत ‘दिवे लावणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. दिवाळीच्या रात्री आपल्या हातून त्यातला पहिलाच घडावा, म्हणजे झाले!