निरोपाची थैली

मार्चअखेर आली की कचेऱ्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात, जुनी खाती मिटतात आणि एक एप्रिलला कोऱ्या पानावर नवा हिशेब मांडला जातो. ही रीत आपण इंग्रजांकडून उचलली. त्यांच्या सरकारी आरोग्य सेवेने, एनएचएसने, तर स्वतःचे घर मोडून पुन्हा बांधायलाही हाच मुहूर्त धरलेला दिसतो : १९७४, १९९१, २०१३. त्या घरात आज आपले कितीतरी मराठी डॉक्टर आणि परिचारिका राबत आहेत.

२०१३ चा ३१ मार्च हा ईस्टरचा रविवार होता. पुनरुत्थानाच्या त्या सणादिवशी इंग्लंडमधले दीडशेवर प्रायमरी केअर ट्रस्ट (स्थानिक आरोग्य सेवेचा कारभार पाहणाऱ्या संस्था) आणि दहा विभागीय आरोग्य प्राधिकरणे विसर्जित झाली, आणि सोमवारी सुट्टीच्या दिवशीच त्यांच्या जागी २११ नव्या संस्था कागदोपत्री कामाला लागल्या. नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्यांना नियमाप्रमाणे निरोप मिळाला : नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त चोवीस महिन्यांचा. कारकुनाला आणि संचालकाला नियम एकच; पण पगाराला कमाल मर्यादा नसल्याने वरच्या खुर्चीतला माणूस दोन लाख पौंडांहून अधिक घेऊन बाहेर पडू शकत होता. चार आठवड्यांच्या आत सेवेतच दुसरी योग्य नोकरी मिळाली तर मात्र ही रक्कम नाही. साहजिकच पाचवा आठवडा मोलाचा ठरला! दहा हजारांच्या आसपास लोक गेले आणि दोन हजारांहून अधिक जण आरोग्य सेवेतच परतले, असे लेखापरीक्षणात दिसले.

आयुष्य वेचलेल्या माणसाला रिकाम्या हाताने वाटेला लावू नये, हे आपल्यालाही मान्य आहे. शाल, श्रीफळ आणि जमल्यास थैली देऊनच आपण निरोप देतो. त्या अधिकाऱ्यांनी हक्काचे घेतले, त्यात त्यांचा दोष तो किती? दोष आहे तो दर काही वर्षांनी पाट्या बदलण्यालाच नूतनीकरण समजणाऱ्या मंत्र्यांचा, आणि पाटी बदलताना काम तेच राहते हे ठाऊक असूनही माणसाला आधी मोकळे करून मग पुन्हा बोलावणाऱ्या व्यवस्थेचा. थैली घेतलेला पाहुणा मांडवाच्या मागच्या दाराने पंगतीला येऊन बसला, तर यजमानाचे चुकले म्हणायचे की पाहुण्याचे?

उपाय झाले, नाही असे नाही. एप्रिल २०१५ पासून हिशेबात धरायचा पगार ८० हजार पौंडांवर थांबवला, त्यामुळे थैली १ लाख ६० हजारांच्या पुढे जात नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये जवळजवळ सगळ्या सार्वजनिक सेवेसाठी ९५ हजारांची मर्यादा आली. ती फेब्रुवारीतच मागे घ्यावी लागली.

आता २०१३ च्या त्या मांडणीचा कळस, म्हणजे एनएचएस इंग्लंड ही शिखर संस्था, उतरवायचे ठरले आहे. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी तसे जाहीर केले; नोव्हेंबरमध्ये सुमारे अठरा हजार पदे कमी करण्याच्या निरोपखर्चासाठी एक अब्ज पौंडांची वाट मोकळी झाली. रुग्णालयांत शस्त्रक्रियांसाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळत असताना हा पैसा जातो आहे. गेलेल्यांपैकी कोण कुठल्या नव्या पाटीखाली येऊन बसले, याची यादी दर मार्चअखेरीला मागून घेणे हे लेखापरीक्षकांइतकेच तिथे कर भरणाऱ्यांचेही काम आहे, आणि त्यांत आपली माणसेही पुष्कळ आहेत.