पंचविसांतली पाच गाणी

गणेशोत्सव जवळ आला, की मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या गृहसंकुलांत एक बैठक हमखास रंगते. वर्गणी, मांडव, महाप्रसाद यांवर अर्ध्या तासात एकमत होते. पण वाद्यवृंदाने कोणती गाणी सादर करावीत, यावर मात्र मध्यरात्र उलटते. ज्येष्ठांना भावगीते हवी असतात, तरुणांना नाचता येईल असे काही हवे असते, आणि गुजराती शेजाऱ्यांसाठी एखादा गरबाही घ्यावासा वाटतो. अखेर ‘लोकांना आवडेल ते गा’ असे सांगून सारे वाद्यवृंदाच्या चालकावर सोपवले जाते. चूक होते ती इथेच.

वेळ मोजकी असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून फार तर १५ दिवस मिळू शकते. सात वाजता पडदा उघडला, तरी सत्कार, निवेदन आणि मध्यंतर वजा जाता हाती उरतात जेमतेम २५ गाणी. प्रत्येक गाणे म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाण्याला दिलेला नकार असतो.

लोकरंजन ही काही हीन गोष्ट नव्हे. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चालींचा मनमुराद उपयोग केला. कालिदास ओळखीच्या चालींवरून घराघरांत पोहोचला. पुढे १९११ साली ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरीचा रंग मराठी पदांना दिला. प्रेक्षकांना जे ठाऊक नव्हते, तेही त्यांनी उचलून धरले. ‘वन्स मोअर’ची परंपरा जोपासणारा हा समाज नव्या सुराला घाबरत नाही. घाबरतात ते यादी करणारे.

याची दुसरी बाजूही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीत अभिरुचीचा कैवार घेऊन मी सलग नाट्यपदांचा आग्रह धरला होता. साडेआठपर्यंत मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि मुले खाली सायकली फिरवू लागली. गायकांनी कसूर केली नव्हती. दोष माझ्या यादीचा होता. श्रोत्यांना बोट धरून न्यावे लागते, फरफटत नेता येत नाही.

म्हणून नवरात्राच्या वा वर्धापनदिनाच्या कार्यकर्त्यांना एक साधी सूचना करावीशी वाटते. २० गाणी खुशाल सर्वांच्या आवडीची घ्या, पण पाच गाणी राखून ठेवा. ती शेवटी कोंबू नका. दोन लोकप्रिय गाण्यांच्या मध्ये एक अपरिचित गाणे बसवा. निवेदकाला विनोदांऐवजी गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सांगू द्या. गायिकेचा गळा पाहून गाणे निवडा; लताबाईंची तार सप्तकातली जागा प्रत्येकीकडून मागणे हा त्या गाण्यावर आणि गायिकेवरही अन्याय आहे. आणि ‘सैराट’मधल्या, २०१६च्या ‘झिंगाट’ला नाके मुरडू नका. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या अंधेरीच्या मुलाच्या ओठी मराठी शब्द आणणारे ते गाणे आहे. दहाच्या ठोक्यापूर्वी ते वाजावेच. मात्र तोवर त्या मुलाने आणखीही काही ऐकलेले असावे.

कारण प्रश्न केवळ एका संध्याकाळच्या करमणुकीचा नाही. १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ दर आठवड्याला पुणे आकाशवाणीवरून घरात येत होते; गदिमांची आणि बाबूजींची ती ५६ गीते ऐकण्यासाठी कुटुंब एकत्र बसत होते. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे. आजोबा आणि नातू एकच गाणे एकाच वेळी ऐकतात, अशा जागा उपनगरांत फारशा उरलेल्या नाहीत. सोसायटीचे पटांगण ही त्यांतली एक. तिथे तबल्यावरची थाप नि बासरीची फुंकर प्रत्यक्ष दिसते; ध्वनिमुद्रित साथीवर गाणाऱ्यांच्या गर्दीत हे भाग्यही आता दुर्मीळ होत चालले आहे.

टाळ्या पडतील तेच द्यायचे ठरवले, तर लोकांना आधीच ठाऊक असलेलेच आपण पुनःपुन्हा देत राहू. नातवाला पन्नाशीत गुणगुणावेसे वाटेल असे एखादे गाणे त्या पाचांत असू शकते. यंदाच्या बैठकीत ती पाच गाणी आधी लिहा. उरलेली २० आपोआप सुचतील.