तेल फक्त बाळंतिणीलाच का?

बाळंतपण झालं की आपल्याकडे सव्वा महिना घराची तऱ्हाच वेगळी असते. सकाळी मालिशवाली मावशी येते. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालते आणि बाळंतिणीच्याही अंगाला तेल रगडते. कंबर, खांदे, पोटऱ्या, तळपाय, काही म्हणजे काही सोडत नाही. मग कढत पाण्याची आंघोळ, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. घरातली सगळ्यात कडक सासूसुद्धा त्या दिवसांत म्हणते, "पड गं जरा, पाठ टेकव."

आणि सव्वा महिना संपला की? मावशी हिशेब घेऊन जातात, तेलाची वाटी फडताळात जाते आणि बाई ओट्यापाशी उभी राहते. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं तिच्या पाठीला कुणाचा हात लागत नाही. मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. तुमच्या पाठीवरून शेवटचा तेलाचा हात कधी फिरला होता?

बचत गटांच्या कामासाठी माझं गावोगावी जाणं होतं. बैठकीला बायका बसतात तेव्हा आधी हात गुडघ्यावर, मग भिंतीला, मग "आई गं" म्हणत खाली. उठतानाही तेच. मी विचारते, "काय दुखतंय?" उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही हो ताई, हे आपलं नेहमीचंच!"

हे 'नेहमीचंच' फार फसवं आहे. वैद्यकशास्त्रात तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. आपल्या बायका ते तीन-तीन वर्षं, तेरा-तेरा वर्षं अंगावर काढतात. आणि 'अंगावर काढणं' हा आपल्याकडे गुण समजला जातो! "तिने कधी तक्रार केली नाही हो," असं कौतुकाने सांगतात. पण तक्रार केली नाही म्हणून दुखलं नाही, असं थोडंच आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. कारणं शोधायला लांब कशाला जायला हवं? पाण्याची कळशी, खाली बसून धुणं-भांडी, शेतातली खुरपणी, शिलाई मशीन, पापड-शेवयांच्या ऑर्डरी, कडेवरचं मूल, आणि उंची आपल्याला न विचारताच ठरवलेला तो ओटा! आपल्या देशात २०२४ साली वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जात होती. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर एकीकडे आणि दीड तासही नाही दुसरीकडे. त्यात २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. रक्त कमी, झोप कमी, काम जास्त, वर मनावर ओझं. अंग दुखणार नाही तर काय होईल?

आता गंमत बघा. तेल-मालीश आपल्याला परकी नाही. 'अष्टांगहृदय' या जुन्या आयुर्वेद ग्रंथात रोज अंगाला तेल लावावं, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विसरू नये, असं सांगितलं आहे. हे फक्त पुरुषांसाठी किंवा फक्त बाळंतिणीसाठी असं तिथे म्हटलेलं नाही. पण आपल्याकडे तेल कुणाच्या वाट्याला येतं? बाळाच्या. तालमीतल्या पैलवानाच्या. केस कापायला गेलेल्या पुरुषाला सलूनमध्ये चंपी मिळते. दिवाळीत पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते आणि ओवाळते. नरकचतुर्दशीला पहाटे उठून पाणी तापवणारी, सगळ्यांच्या अंगाला तेल लावणारी बाई स्वतः सगळ्यात शेवटी दोन तांबे घाईघाईने अंगावर घेते, कारण फराळाची ताटं वाढायची असतात. शनिवारी मारुतीला तेल घालतो आपण. आपल्या गुडघ्यांना कोणत्या वारी?

"मसाज? अहो, आपल्यासारख्या घरातल्या बायका मसाज करून घेतात का?" असं मला एकींनी विचारलं. शब्दाचाच फरक आहे बघा. 'मसाज' म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, 'तेल लावणं' म्हटलं की आजी आठवते. आपण आजीचाच शब्द घेऊ. कुणाची ना नाही.

तेल चोळल्याने नेमकं काय होतं? लेकरू गुडघ्यावर आपटलं की आपण लगेच तिथे चोळतो आणि त्याचं रडं थांबतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी याचा एक उलगडा मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक लागतं. स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप तिथे पोचले की ते फाटक थोडं लोटलं जातं आणि दुखण्याचा निरोप कमी पोचतो. शिवाय आखडलेले स्नायू सैल होतात, झोप बरी लागते. आणि एक गोष्ट कुठल्याही तपासणीच्या कागदावर येत नाही. कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढलाय, हे अंगाला कळतं. गटातल्या सत्तरीच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मालक गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नाही गं." त्यांना कंबरेचं औषध हवंच होतं. पण फक्त कंबरेचंच हवं होतं का?

मात्र मालीश म्हणजे जादू नव्हे, हेही तितकंच खरं. तिचा आराम बहुधा थोड्या काळाचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याविषयी नीट माहिती, मनाला आधार देणारे उपचार यांच्याबरोबर मालीशही आहे. कंबरेचा पट्टा मात्र सरसकट देऊ नये असं म्हटलंय. आणि आपल्याकडे बघा, पट्टा घराघरात आहे, व्यायाम कुठेच नाही! "दिवसभर कामच करते की, वेगळा व्यायाम कशाला?" असं आपण म्हणतो. पण काम एकाच बाजूने शरीर वापरतं. रोज वीस मिनिटं मोकळं चालणं आणि डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने दाखवलेले चार व्यायाम, हे तेलाचे सख्खे भाऊ आहेत. एकाला घेऊन दुसऱ्याला सोडायचं नाही.

दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला गाठायला बाजारही टपलेला असतो. कुठे मोफत मालिशीच्या गादीवर रोज झोपवतात आणि हळूच ती महागडी गादी गळ्यात मारतात. कुणी म्हणतं, सात दिवसांत गुडघे बरे. कुणी पुडीतून 'आयुर्वेदिक' पावडर देतं. असल्या बिननावाच्या पावडरीत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणून तर दोन दिवसांत बरं वाटतं! काशाच्या वाटीने तळपाय घासले की तेल काळं होतं आणि "बघा, उष्णता निघाली" असं सांगतात. अहो, ते धातू आणि तेल एकमेकांवर घासल्यामुळे होतं. वाटीने पायांना बरं वाटतं ना, मग जरूर घासा, पण काळेपणावर आजार मोजू नका. आणि मेडिकलमधून रोज अंगदुखीची गोळी आणून खाणं तर अजिबात नको. पोट आणि मूत्रपिंडं दोन्हींवर त्याचा भार पडतो.

दुखण्याकडे वेळेवर लक्ष दिलं नाही की गोष्ट कुठवर जाते, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांची २०१९ साली सरकारी समितीने चौकशी केली. ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सतत वाकणं, डोक्यावर मोळ्या, दुखणं झालं तरी खाडा परवडत नाही. आधी वर्षानुवर्षं 'काही नाही' आणि मग एकदम 'काढून टाका'. या दोन टोकांच्या मध्ये जे असायला हवं होतं, म्हणजे वेळेवर तपासणी, थोडी विश्रांती, कुणीतरी नीट ऐकून घेणं, ते त्यांना मिळालंच नाही. आपलं दुखणं तेवढं नसेल. पण 'काही नाही'ची सवय तीच आहे.

म्हणून तेलाची वाटी हातात घेण्याआधी थोडं शहाणपण. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पायातली ताकद गेली असेल, बधिरपणा असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर मालीश नाही, आधी डॉक्टर. एकच पोटरी सुजून लाल आणि गरम झाली असेल तर ती चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. पाठीत, जबड्यात किंवा हातात कळ येऊन घाम फुटला, दम लागला तर "वात धरला" म्हणत तेल चोळत बसू नका, हृदयाचं दुखणं बायकांमध्ये असंही येतं. ताबडतोब दवाखाना गाठा. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा पाठीवर पाय देऊन तुडवणं नको. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायची आपल्याकडे पद्धत आहे. पाय नुसता लागला तर बिघडत नाही, लाथ मात्र नको!

एरवी करायचं ते अगदी सोपं आहे. तिळाचं किंवा घरात असेल ते तेल गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर तेल आधी दुसरीने हातावर बघावं, चटका कळत नाही. मणक्यावर थेट दाब नको, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर तळहाताने हळूहळू. "जोर बरोबर आहे ना?" असं विचारत जा. पाय चोळताना खालून वर. आणि झाल्यावर तळपाय स्वच्छ पुसा, नाहीतर न्हाणीघरात घसरून दुसरंच दुखणं यायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पण करणार कोण? पैसे असतील तर मालिशवाल्या मावशींना महिन्यातून दोनदा बोलवा आणि घासाघीस न करता पैसे द्या. दिवसाला चार-चार अंगं रगडून तिचे अंगठे आणि मनगटं दुखतात, हे आपण कधी विचारलंय? तिचंही 'नेहमीचंच' असतं. तिलाही चहा देऊन दहा मिनिटं पाठ टेकू द्या. आणि पैसे नसतील तर सासू-सून, जावा-जावा, शेजारणी यांनी एकमेकींना तेल लावायला काय हरकत आहे? नवऱ्यालाही सांगा. पाडव्याला त्याच्या पाठीला तेल लावता ना, मग एखाद्या रविवारी त्याचे हात तुमच्या पायांना लागले तर काही आभाळ कोसळत नाही. मुलाने आईच्या टाचा चोळल्या तर त्यालाही कळेल, त्या टाचांना भेगा का पडल्या.

आता संक्रांतीला आपण तिळाचा एवढा मान ठेवतो. हळदीकुंकवाला तेच ते प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून लुटण्यापेक्षा तिळाच्या तेलाची छोटी बाटली देऊन बघा. आणि मालक गेल्यामुळे ज्यांना अशा दिवशी कुणी बोलवत नाही, त्यांनाही बोलवा. त्यांना त्या तेलाची आणि हाताची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. आल्या की विचारा, "कुठे दुखतंय?" आणि "काही नाही" हे उत्तर मात्र चालवून घेऊ नका.