घरच्या शाळेत बाबांची हजेरी कुठे आहे?



गेल्या वर्षभरात तुमच्यातल्या निदान दहाजणींनी मला एकच मेसेज पाठवला आहे. दादरच्या शाळेतली मालविका जोशी, ना दहावी ना बारावी, आणि थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश! खाली फुलं, जोडलेले हात आणि एक प्रश्न, ‘मग शाळेची गरजच काय?’ माझी दहा वर्षांची नात परळला घरीच शिकते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मेसेज माझ्याकडे येतो. भावना चांगली आहे, पण त्या मेसेजात जे गाळलेलं आहे त्यावर आज मला भांडायचं आहे.

बातमी २०१६ सालची आहे आणि खरी आहे. मालविका दादर पारसी यूथ असेंब्लीच्या शाळेत सातवीत असताना तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, तिला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं. पुढे आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडमध्ये मुलीने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली आणि त्या पदकांच्या जोरावर तिला एमआयटीने घेतलं. मेसेज इथे संपतो.

न लिहिलेलं असं आहे. सुप्रियाताई कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी करत होत्या. ती नोकरी त्यांनी सोडली, मुलीसाठी अभ्यासक्रम स्वतः तयार केला, घरात वर्गासारखी व्यवस्था उभी केली. म्हणजे मुलगी शाळेतून बाहेर पडली तेव्हा आई शाळेत रुजू झाली, शिक्षिका म्हणूनही आणि मुख्याध्यापिका म्हणूनही. तेही बिनपगारी. दुसरी गाळलेली गोष्ट अशी की बारावीचा दाखला नाही म्हणून आयआयटीची दारं त्या मुलीला बंद होती. आपल्या देशात चेन्नईच्या गणित संस्थेने, सीएमआयने, तिला घेतलं. प्रत्येकीच्या घरात ऑलिम्पियाडची पदकं येत नसतात, तेव्हा हा दाखल्याचा मुद्दा विसरून चालणार नाही.

घरी शिकवणं वाईट असं मी म्हणत नाही. नातीला जोडाक्षरं वाचताना अडायला व्हायचं, वर्गात मुलं हसायची, आणि पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना तिच्यासाठी थांबायला वेळ नव्हता. शाळेचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. लेकीने विचारपूर्वक निर्णय घेतला आणि मी तिच्या पाठीशी आहे. पण हे काम किती आहे ते मी दर आठवड्याला डोळ्यांनी बघते. तुम्हीही एक आठवडा बघा.

सोमवारी गणित. सध्या मसाल्याचे दिवस आहेत. पाच किलो मिरचीची यादी हाताशी होती, आम्हाला करायचा होता दीड किलोचा. प्रत्येक जिन्नसाचं प्रमाण नातीने काढायचं असं ठरलं. पाच किलोला दोन किलो धने, तर दीड किलोला किती? तिने लिहिले सहा किलो. लेकीने काही न बोलता कागद तसाच लालबागच्या मसाला गल्लीत नेला. दुकानदार म्हणाला, “बाळा, एवढे धने घातलेस तर मसाला नाही होणार, धनेपूड होईल.” पोरीने तिथेच उभं राहून सहाशे ग्रॅम काढले आणि खसखसही पाचशेची दीडशे केली. पावकी, निमकी, दिडकी मी पाठ करून घेतली होती, ती इथे कामाला आली.

मंगळवारी मराठी. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालापासून चालू असलेली संस्था. तिथपर्यंत जाणं, पुस्तक चाळणं, आणि घरी आल्यावर एक पान मोठ्याने वाचणं. एका पानाला पाऊण तास लागतो. त्या दिवशी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द चौथ्या खेपेला नीट आला. मग वाचनाचा कंटाळा घालवायला गावांची नावं फोडली. चिंचपोकळीत चिंच, फणसवाडीत फणस, उमरखाडीत उंबर, वडाळ्यात वड. तिने विचारलं, “मग चिंचपोकळीला आता चिंचा का नाहीत?” हा प्रश्न गुरुवारच्या इतिहासाला ठेवला. आमच्याकडे एक प्रश्नवही आहे, तीत तो गेला.

बुधवारी विज्ञान. आपण पाणी गाळतो ते तिला लहानपणापासून माहीत आहे, पण कापडावर राहतं काय? लेकीने लहानसा सूक्ष्मदर्शक आणला आहे. कमळाच्या कुंडीतला पाण्याचा थेंब काचेवर घेतला, वळवळणारे जीव पाहिले, वहीत काढले आणि थेंब कुंडीतच परत सोडला. पाठशाळेत ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्या दिवशी एकत्र आलं. मात्र त्या अर्ध्या तासासाठी लेकीने आदल्या रात्री दीड तास वाचन केलं होतं, हेही लिहून ठेवा.

गुरुवारी इतिहास-भूगोल. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. घारापुरीचा दगडी हत्ती तिथे बाहेर उभा आहे, तो पाहिला. जुन्या मुंबईचे देखावे पाहिले आणि वाटेत गिरणीची चिमणी दाखवली. चिंचेच्या, फणसाच्या वाड्या जाऊन चाळी आल्या, गिरण्या आल्या, हे तेव्हा तिला कळलं. मग १८ जानेवारी १९८२ चा संप, दत्ता सामंत, घरी बसलेले अडीच लाखांच्या घरातले कामगार. चाळीतले एक आजोबा गिरणीत होते, त्यांनी साचाखातं म्हणजे काय ते सांगितलं. नातीला माझ्या हिशेबातलं ‘खातं’ माहीत होतं, गिरणीतलं ‘खातं’ वेगळं निघालं. दोन्ही अर्थ वहीत लिहिले.

शुक्रवारी मी गिरगावहून बेस्टच्या बसने जाते आणि तीन तास घेते. मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिला आहे. नातीला रोजकीर्द लिहायला शिकवते, त्यावरून खतावणी. भाजीचं खातं, दुधाचं खातं, बसभाड्याचं खातं. महिनाअखेर पैसे जुळले नाहीत तर ती स्वतःच चूक शोधते.

आता मी माझं शास्त्र काढते. हे सगळं तासांत मांडा. शिकवणं रोज तीन तास, पाच दिवसांचे पंधरा. तयारी रोज एक, म्हणजे पाच. वह्या तपासणं आणि चाचणी काढणं दोन. बाहेर ने-आण चार. एकूण सव्वीस तास. तीन माझे, तेवीस माझ्या लेकीचे. शिकवणीवाल्या बाईंना तासाला तीनशे रुपये द्यायचे धरले तरी आठवड्याला ७,८०० रुपये, चार आठवड्यांचे ३१,२००. आणि हे स्वयंपाक, धुणं, सासूबाईंची औषधं, पाहुणे यांच्याव्यतिरिक्त.

पण घरोघरी काय बोललं जातं? “बरं झालं, फी वाचली. तू घरीच तर असतेस.” अहो, वाचलेली फी तुम्ही जमेच्या बाजूला लिहिता, मग तिचे तास नावे का लिहीत नाही? एकच बाजू लिहून ताळेबंद जुळला असं म्हणणाऱ्या मुनिमाला आपल्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून काढलं असतं.

आणि ह्या सव्वीस तासांत बाबा कुठे आहेत? बहुतेक घरांत बाबा महिन्यातून एकदा वही उघडतात, दोन गणितं विचारतात आणि विचारतात, “एवढंच झालं?” ते काम तपासनीसाचं आहे, शिक्षकाचं नाही. आमच्या घरातही पहिले तीन महिने जावईबापूंच्या नावापुढे शून्य होतं. मी वरचा हिशेब कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. माणूस समंजस आहे, वाद घातला नाही. आता शनिवारी दोन तास इंग्रजी आणि रविवारी दोन तास संगणक त्यांच्याकडे आहे, तयारीसकट. त्या वेळात माझी लेक स्वतःचं पुस्तक वाचते.

काहीजणी म्हणतील, कमावणाऱ्या पुरुषाला वेळ कुठला? मैत्रिणींनो, आपल्या आदिपुराणातली कथा पाठशाळेतलं पोर सांगेल. ऋषभदेव गृहस्थ होते, राज्याचा भार त्यांच्यावर होता. तरी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक त्यांनी स्वतः शिकवले, उजव्या हाताने अक्षरं काढून, डाव्या हाताने अंक लिहून. एकं, दहं, शतं आपण उजवीकडून डावीकडे मोजतो त्याचं कारणही पाठशाळेत हेच सांगतात. म्हणजे आपल्या परंपरेतली पहिली घरची शाळा बापाने चालवली, आणि ती मुलींसाठी होती. राजाला वेळ झाला, तर लोअर परळच्या ऑफिसात काम करणाऱ्याला शनिवार का होऊ नये?

फार मागेही जायला नको. सी. पी. टँकची हिराबाग धर्मशाळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती ज्यांनी बांधली त्या शेठ माणिकचंद झवेरींची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. त्याच मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि आपल्या कित्येक बायकांना अक्षर दिलं.

इथेच दुसरी गोष्ट बोलते, थोडी कडू आहे. ‘घरी शिकवतो’ आणि ‘घरी ठेवतो’ यांत फरक आहे. मुलगा असला की घरी ऑलिम्पियाडची पुस्तकं येतात, मुलगी असली की हळूहळू तिच्या हातात पोळपाट येतं आणि धाकट्या भावाचा अभ्यासही तिच्याच गळ्यात पडतो. कोणी सांगितलं की आमची मुलगी घरी शिकते, तर कौतुक करण्याआधी वही मागा. वार, विषय, चाचणी दिसली तर ती शाळा. वही नसेल तर पोरीला शाळेत परत पाठवायला सांगा, अगदी जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेतसुद्धा. त्यात कमीपणा काही नाही. सव्वीस तास देणारं घरात कोणी नसेल तर शाळाच बरी.

आणि आपणही जरा जीभ आवरू या. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरी शिकवलं तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना टोमणे मारले होते. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते लिहिलं आहे. पुढे त्याच रमाबाई आपल्या गावदेवीच्या सेवासदनाच्या, १९०८ साली निघालेल्या संस्थेच्या, अध्यक्ष झाल्या. माझ्या लेकीलाही मंदिराच्या पायऱ्यांवर ऐकावं लागतं, “डिग्री घेऊन घरी बसलीच होती, आता मुलीलाही बसवलं.” बसायला तिला वेळ मिळाला तर मला आनंद होईल.

ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांनी मूल शाळेतून काढण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, कुठला विषय कोण, कुठल्या वारी, किती तास शिकवणार. दुसरी, त्यातले वडिलांचे तास किती, आणि ते त्यांच्याच अक्षरात. तिसरी, परीक्षेचा रस्ता. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण त्यात आहे, पण घरच्या शाळेसाठी वेगळी नोंदणी त्यात नाही. तेव्हा दाखल्याची सोय आपणच बघायची. केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या, एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत, चौदा पूर्ण झाल्यावर दहावी आहे. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहे. आमच्याकडे एनआयओएस ठरलं आहे आणि त्याचा कागद फ्रीजवर चिकटवलेला आहे.

ह्या तीनपैकी दुसरी ओळ कोरी राहिली, तर बाईने निर्णयाला होकार देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकटीच्या बळावर दोन वर्षं निघतात, मग आई थकते, चिडते, आणि मुलाच्या मनात अभ्यास म्हणजे आईची चिडचिड असं बसतं. नुकसान शेवटी मुलाचंच होतं.

तेव्हा तो एमआयटीचा मेसेज पुन्हा आला तर जरूर पुढे पाठवा. फक्त पाठवण्याआधी खाली एक ओळ घाला, ‘ह्या मुलीच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली होती.’ आणि पहिल्यांदा तो आपल्या यजमानांना पाठवा, शनिवारचे दोन तास मोकळे आहेत का ते विचारून.

जय जिनेंद्र.