रोग येण्याआधी बांधलेले घर

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाणारे बेळगावकर पुष्कळ. तिथली गर्द झाडी सर्वांच्या ओळखीची. पण या जागेला हे नाव कशामुळे पडले, असे घरातल्या नातवाने विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल?

विसाव्या शतकाच्या आरंभी इथे देवीची लस तयार होऊ लागली. वासराच्या कातडीवर लस वाढवायची, खरवडून गोळा करायची, स्वच्छ करायची आणि गावोगावी पाठवायची, असे ते काम. मराठीत ‘देवी’, कानडीत ‘सिडुबु’. आमच्या घरात दोन्ही शब्द चालत, कारण आजीचे माहेर गोकाककडचे. तिच्या गालांवर देवीचे व्रण होते. आईच्या गालांवर व्रण नव्हते, पण दंडावर लस टोचल्याची मोठी खूण होती. माझ्या मुलीला व्रणही नाहीत आणि देवीची खूणही नाही, कारण १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडलेला नाही. एका घरातल्या तीन बायकांकडे पाहिले की सारा इतिहास कळतो.

लस शोधणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते. पण ती तयार करायला जागा हवी, प्रयोगशाळा हवी, शीतगृह हवे, पगार हवेत. त्यासाठी पैसा कुठे घालायचा हे ठरवणारा माणूस मात्र कुणाला आठवत नाही. आज अशाच एका माणसाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. चिंतामण गोविंद पंडित.

वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी १९११ मध्ये ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली होती. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तिचेच नाव ‘इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च’ झाले. कोरोनाच्या काळात रोज बातम्यांत ऐकलेली आयसीएमआर ती हीच. डॉ. पंडित तिचे पहिले संचालक. त्याआधी ते मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटचे संचालक होते. म्हणजे स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा हा माणूस फायलींच्या टेबलाकडे आला.

हे टेबल सोपे नसते. एखाद्या संशोधकाला दोन-तीन वर्षांचे अनुदान दिले की ते काम कधीतरी संपते. संस्था उभी केली की तिचा खर्च संपत नाही. वीज, यंत्रे, प्रयोगाचे प्राणी, माणसांचे पगार, सारे दरवर्षी द्यावे लागते. ‘घर पाहावे बांधून’ म्हणतात ते उगीच नाही; आणि इथे तर बांधण्यापेक्षा चालवणे कठीण. त्यातून तो काळ मलेरिया, पटकी आणि क्षयाचा. दवाखान्यात औषध नाही आणि तुम्ही प्रयोगशाळा कसली बांधता, असे कुणी विचारले असते तर तो प्रश्न चुकीचा म्हणता आला नसता.

तरीही १९५२ मध्ये पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ उभे राहिले. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनची साथ होती. डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारे कोणते विषाणू आपल्याकडे आहेत, हे शोधणे हे त्याचे काम. पाचच वर्षांनी त्याची परीक्षा झाली. १९५७ च्या सुरुवातीला शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याची तुकडी जंगलात गेली, तिने नमुने आणले, आणि हा अगदी नवा विषाणू असल्याचे निघाले. तोच कानडीतला ‘मंगन कायिले’, आपला माकडताप. रोग आला तेव्हा प्रयोगशाळा तयार होती. ती तेव्हा बांधायला घेतली असती तर?

दुसरे उदाहरण मद्रासचे. १९५६ मध्ये आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तिथे क्षयरोगाचे केंद्र काढले. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून वर्षभर औषधे दिली. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त धोका झाला नाही, असे १९५९ मध्ये जाहीर झाले. आपल्या भागातले रुग्ण पूर्वी मिरजेजवळच्या वानलेसवाडीला जाऊन महिनोन्‌महिने राहत. तान्ह्या मुलापासून आई दूर, कमावता माणूस घरापासून दूर. त्या एका केंद्राने जगभरच्या किती आयांना घरी राहता आले असेल, याचा विचार करून पाहा.

आता आपल्या दाराशी येऊ. माकडताप शिमोग्यातच थांबला नाही. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांनाही तो झाला. गोचिडाला राज्याची हद्द कळत नाही. चावताना ते रेशनकार्ड कुठले विचारत नाही. तीन राज्यांतल्या त्या रोगाचे निदान पुण्यातल्या त्याच संस्थेत झाले. १९७८ पासून तिचे नाव ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ आहे. घातक विषाणू हाताळण्यासाठी तिथे २०१२ मध्ये सर्वोच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचे निदानही इथलेच. डॉ. पंडितांच्या काळात लावलेल्या रोपाची ही फळे.

बेळगावातही नेहरूनगरला आयसीएमआरचे केंद्र २००६ मध्ये सुरू झाले. आज ते पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. जांबोटी-खानापूरच्या रानातल्या वनस्पतींची नावे आपल्या आज्यांना दोन्ही भाषांत पाठ असत. त्या ज्ञानाची पारख करायला यापेक्षा योग्य गाव कोणते?

पण एक काळजी उरतेच. माकडतापावरची जुनी लस पुरेशी गुणकारी राहिली नाही, म्हणून ती देणे बंद करावे लागले. नवीन लस येईपर्यंत काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या बाईला अंगभर कपडे, अंगाला लावायचे औषध आणि घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ, एवढाच आधार आहे. अशा वेळी प्रयोगशाळेतली रिकामी पदे आणि बंद पडलेली यंत्रे हा कागदावरचा विषय राहत नाही.

रस्ता, पूल, समाजमंदिर झाले की आपण हार घेऊन जातो. प्रयोगशाळेसाठी मात्र निवडणुकीत कुणी मत मागत नाही आणि आपणही विचारत नाही. पुढच्या वेळी कुणी पुढारी दारात आला, तर मराठीत विचारा किंवा कानडीत, पण एवढे विचाराच : आमच्या तालुक्यातल्या तापाच्या रुग्णाचे रक्त तपासायला कुठे पाठवता, आणि उत्तर किती दिवसांनी येते?