तांबड्या दिव्यांचा मुखवटा

महागांवचें वैशाखांतलें ऊन तोंड भाजून काढतें, आणि तेंच तोंड सुधारावें म्हणून सुना-मुली आतां रात्रीं तांबड्या दिव्यांचा मुखवटा चढवून बसतात. वडीलधाऱ्यांस हंसूं येतें. आम्हांस येत नाहीं. त्वचेचा क्षय प्रकाशानें बरा करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. पुढें १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथें एन्द्रे मेश्टर यांस तांबड्या लेसरखालीं उंदरांचे केस लवकर उगवलेले दिसले. मुखवट्याचें मूळ तें.

यांतील लहरी बहुधा ६३० ते ६६० नॅनोमीटर लांबीच्या. आठवड्यांतून कित्येक वेळां, असे दोन-तीन महिने बसल्यास बारीक सुरकुत्या कांहींशा कमी होतात. वर्ण गोरा होत नाहीं. आणि त्याची आवश्यकता तरी काय? उलट वांग असलेल्यांनीं जपावें, कारण उष्णतेनें व प्रकाशानें ते डाग गडद होण्याचा संभव असतो. पुरळावर डॉक्सिसायक्लीन चालू असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें.

डोळ्यांचें भय मात्र खरें. २०१९ सालीं न्यूट्रोजीना कंपनीनें आपला तांबड्या-निळ्या दिव्यांचा मुखवटा नेत्रांस अपाय होण्याच्या शंकेनें परत मागविला. डोळ्यांस झांकण नसलेला मुखवटा, कितीही स्वस्त मिळो, आम्ही घरांत येऊं देणार नाहीं.