टायटल क्लिअर, पण पाण्याचं काय?

फ्लॅट बघायला निघालेला माणूस काय काय विचारतो? कार्पेट किती, पार्किंग कव्हर्ड आहे का, दरवाजा पूर्वेला आहे ना, कॉर्पोरेशनचं पाणी किती तास येतं. पाणी किती वेळ येतं हे सगळे विचारतात, पावसाळ्यात ते कुठपर्यंत येतं हे कोणी विचारत नाही. विकणारा तर स्वतःहून सांगतच नाही. भिंतीवरची ओल खरवडायची, डिस्टेंपर मारायचा आणि जाहिरातीत 'रिव्हर व्ह्यू' लिहायचं! याला आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणतात. मी फसवणूक म्हणतो.

पुण्यापुरतंच बोलतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ती आजी-आजोबांची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय झालं? आंबिल ओढ्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि शहर-परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. तीही नदीमुळे नाही, एरवी नाक दाबून आपण ज्याच्या शेजारून जातो त्या ओढ्यामुळे. मग २५ जुलै २०२४. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मोठा विसर्ग आणि सकाळी सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी.

नदीच्या नकाशावर पुराच्या दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंटला विचारलंत तर तो हसून म्हणेल, "अहो साहेब, शंभर वर्षांतून एकदा! तोपर्यंत आपण असू का?" बरं, गणित करू. शंभरातून एकदा म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. होमलोन वीस वर्षांचं. म्हणजे लाल रेषेवरच्या घराला लोन फिटेपर्यंत एकदा तरी पुराचं पाणी लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेवर हाच आकडा ५६ टक्क्यांवर जातो, म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट! आणि हे पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असं धरून.

"पण आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे ना!" असेल. मीटर रूम कुठे आहे? पाण्याची जमिनीखालची टाकी कुठे आहे? तिच्यात एकदा ड्रेनेजचं पाणी शिरलं की चौथा मजला काय आणि दहावा काय. आणि पार्किंगमधल्या खोलीत वॉचमन बायकामुलांसह झोपतो, त्याला चौथा मजला नाही.

आता कायदा. वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, त्यात मालकी कळते, ओढा कळत नाही. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ वाचा. करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं म्हणजे लबाडी, असं तेच कलम म्हणतं. पूर हा असा 'दोष' आहे का, यावर वकील खुशाल वाद घालोत. कारण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: घेणाऱ्याने मालमत्तेबद्दल प्रस्तुत प्रश्न विचारला, तर विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तर दिलंच पाहिजे. म्हणजे हत्यार आपल्याच हातात आहे, फक्त विचारायला हवं. आणि तेही लेखी: आवारात, पार्किंगमध्ये, घरात पाणी कधी शिरलं होतं का? कोणत्या वर्षी, किती?

यावर आक्षेप ठरलेला आहे: "हे सांगितलं तर भाव पडेल." पडू दे की! तोच त्या घराचा खरा भाव. सांगून कमी किमतीत विकलं तर घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो, विमा काढतो, मीटर वर चढवून घेतो. न सांगता विकलं तर आपला तोटा आपण दुसऱ्या कुणाच्या तरी ईएमआयमध्ये ढकलतो. ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीज करताना माहीत असलेले बग आपण 'नोन इश्यूज' म्हणून लिहून देतो. लपवलेला बग क्लायंटला सापडला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या व्यवहारात तेवढंही का नाही?

आणि मंडळी, आज आपण घेणारे आहोत. पाच-सात वर्षांनी टू-बीएचके विकून थ्री-बीएचकेकडे निघू, तेव्हा समोर असंच एखादं तरुण जोडपं बसलेलं असेल. आज नकाशा मागा, पावसात जाऊन जागा बघा, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. आणि त्या दिवशी त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.